पोहोचल्याच्या दोन रिंग

आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात अमावास्येलासुद्धा केस कापतात, आणि शेजारच्या नाईकांच्या गाडीवरच्या लिंबू-मिरचीवरून मी इतकी वर्षं त्यांची टेर खेचत आलोय. आता हे वाचून कोणी माझी खेचली तर तक्रार नाही.

मी मुलुंड पूर्वेला राहतो, काम बहुतेक घरूनच. बायको, मधुरा, अंधेरीला मरोळमध्ये नोकरीला. तिला शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे. बस, मग रिक्षा, ट्रॅफिकमध्ये अडकलं की खाण्याच्या वेळेचे तीन तेरा... दोनदा रिक्षातच तिची शुगर खाली गेली. दुसऱ्यांदा रिक्षावाल्याने मला फोन केला तेव्हा ठरवलं, सेकंडहँड का होईना, ऑटोमॅटिक गाडी घ्यायची. फार महाग नको, दिसायला कशीही चालेल, फक्त रस्त्यात दगा देता कामा नये.

गाड्या बघायला आमच्या गल्लीतला मेकॅनिक दिनेश बरोबर असायचा. तो बॉनेट नंतर उघडायचा, आधी सीटबेल्ट पार शेवटपर्यंत बाहेर ओढायचा. गोवंडीला एक चकाचक गाडी मला जाम आवडली होती, तर तिच्या पट्ट्याच्या आतल्या टोकाला सुकलेला चिखल! “पुराच्या पाण्यात बसलेली आहे साहेब. वरून पॉलिश मारलंय नुसतं. चला.” अशा सात-आठ गाड्या त्याने नापास केल्या.

मग घाटकोपरची सावंत काकूंची गाडी मिळाली. काका सहा महिन्यांपूर्वी हॉस्पिटलात वारले, आजारपणाने. (हो, मी विचारलं होतं. अॅक्सिडेंटची गाडी नको होती, बाकी काही मनात नव्हतं.) एकच मालक, सर्व्हिसची सगळी बिलं फाइलला लावलेली, पट्टे स्वच्छ. दिनेश म्हणाला, “डोळे मिटून घ्या.” काकूंनी स्वतः गाडीला हळदकुंकू लावलं आणि मधुराला म्हणाल्या, “पोचलीस की कळवत जा हां घरी. आमचे हे रोज ऑफिसला पोचले की घरच्या फोनवर दोन रिंग द्यायचे. मी उचलायची नाही. उचलला तर चिडायचे, फुकट कॉल पडला म्हणून. हातात मोबाइल आला तरी सवय तीच.”

आपण सगळ्यांनीच असे मिस्ड कॉल दिलेत. मी हसलो आणि विसरून गेलो.

तीनेक आठवड्यांनी काकूंचा फोन. “समीर, मधुरा सकाळी साडेनवाच्या आसपास पोचते काय रे?” म्हटलं हो, का? तर म्हणे, गाडी गेल्यापासून लँडलाइनवर रोज त्या सुमाराला दोन रिंग येतात. शनिवार-रविवार येत नाहीत.

मला त्यांची कीव आली, खोटं कशाला बोलू? एकटी बाई, नवरा गेलेला, कान वाजत असतील. म्हटलं एकदाच भ्रम दूर करू. मधुराला कारण न सांगता तिची गाडी लावायची वेळ विचारायला लागलो, आणि काकूंना रिंगची वेळ लिहून ठेवायला सांगितली. आठवडाभर दोन्ही वेळा तंतोतंत जुळल्या. एक दिवस मीटिंग होती म्हणून मधुरा तासभर लवकर पोहोचली. रिंगही तासभर लवकर!

मधुराकडे काकूंचा लँडलाइन नंबरच नव्हता. काकांचा मोबाइल नंबर लावून बघितला, तो अस्तित्वात नाही म्हणे. मग नंबर दिसणारा फोन नेऊन काकूंकडे बसवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः तिथे जाऊन बसलो. नऊ चौतीसला फोन दोनदा वाजून थांबला. नंबरच्या जागी काहीच नाही. पाच मिनिटांनी मधुराचा मेसेज, “आत्ताच आले, लिफ्टमध्ये आहे.” मी काकूंनी दिलेला चहा तसाच टाकून निघालो. घाबरलो होतो.

त्यानंतरच्या बुधवारी दहा वाजता काकूंचा फोन आला. घाबरल्या की त्या मालवणीवर येतात. “समीर, आज रिंग नाय इली रे. मधुरा गेली मां?”

वैतागून म्हणालो, “काकू, ट्रॅफिक असेल.” तरी मधुराला लावला. नुसता वाजत राहिला. तिच्या ऑफिसला लावला, तर ती आलेलीच नव्हती. बाइक काढली. पवईच्या पुढे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला डाव्या कडेला आमची गाडी उभी दिसली, चारी इंडिकेटर चालू. मधुरा काचेला डोकं टेकून. बाजूने शेकडो गाड्या जात होत्या, बघणाऱ्याला वाटावं बाई डुलकी काढतेय. मागची काच फोडून दार उघडलं. ती घामाने निथळत होती, हाकेला ओ नाही. एका टेम्पोवाल्याच्या मदतीने तिला हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर सांगता आलं नसतं. त्या दिवशी पॅसेजमध्ये उभा राहून मी लहान मुलासारखा रडलो.

मधुरा बरी आहे. आता दंडाला सेन्सर लावलाय, शुगर उतरली की तिच्या मोबाइलवर अलार्म होतो. गाडी तीच चालवते, विकायचं नावही काढू देत नाही. हे सगळं काय आहे, मला माहीत नाही. लाइन तपासून घेतली, टेलिफोन खात्यातल्या मित्राला विचारलं, तो म्हणाला लाइनमध्ये काही दोष नाही. काकाच आहेत असं म्हणायला जीभ रेटत नाही. दुसरं काय म्हणायचं, तेही सापडत नाही.

खरी गोष्ट पुढेच आहे, आणि ती सांगायची मला लाज वाटते. काकूंचे गुडघे पार गेलेत. पुण्याची मुलगी त्यांना ऑपरेशनसाठी कायमची घेऊन जायचं म्हणतेय, घाटकोपरचं घर बंद करून. काकू नाही म्हणतात. “मी गेले तर त्या पोरीची रिंग कोण ऐकणार?” भिंतीला धरून धरून फोनपर्यंत येतात आणि नऊपासून तिथे खुर्चीवर बसून असतात.

गेल्या रविवारी मुलीचा फोन आला. “दादा, तुम्ही सांगा ना आईला. तुमचं ऐकेल ती.” म्हटलं, सांगतो. सेन्सर आहे, अलार्म आहे, सांगायला काहीच हरकत नाही.

सोमवारी सकाळी काकूंना फोन लावला. सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यांनी उचलल्या उचलल्या विचारलं, “काय रे, काय म्हणतोस?”

माझ्या तोंडून आलं, “काकू, रिंग आली का?”

“आली रे बाबा, आत्ताच. जा, कामाला लाग.”

मी “बरं” म्हटलं आणि फोन ठेवला.