दहाव्याच्या दिवशी मागितलेला शब्द

घोडनदीच्या काठावर पिंड मांडून बराच वेळ झालाय आणि कावळा काही शिवत नाही. झाडावर कावळे ढीगभर, पण खाली उतरायला एक तयार नाही. श्रद्धांजलीची भाषणं ठोकून पुढारी पुढच्या दहाव्याला निघून गेलेत. चंद्रकला पहाटेपासून पंगतीच्या स्वयंपाकात होती. नदीत हात धुऊन ती करंजाच्या बुंध्याला पाठ टेकते आणि तिच्या पापण्या जडावतात.

"म्हातारीची इच्छा अडकलीय," बबनतात्या म्हणतात. भावकीत त्यांचाच शब्द शेवटचा. "निवृत्ती, बायकोला सांग, हात जोड म्हणावं. सासूला उलटून बोलले, चुकलं म्हण. लगेच शिवंल."

"साधं सॉरी म्हणायला काय जातं गं वहिनी?" नणंद रंजना. "शाळेत पोरांना शिकवतेस की."

बघा. मेलेल्या माणसाच्या चुका चितेवर जळून जातात आणि जिवंत सुनेच्या मात्र पिंडापुढे पाखडायला घेतात. आज हात जोडले, तर मनगटावरचा भाजल्याचा डागसुद्धा तिचीच चूक ठरेल, कायमची. हे चंद्रकलाला पक्कं ठाऊक आहे. ती डोळे मिटते. कावळ्यांची कावकाव लांब लांब जाते आणि घंटेसारखी वाजू लागते.

घंटाच आहे ती, शाळेची. सहावीच्या वर्गात पहिल्या बाकावर तिची सासू बसलीय. तान्हूबाई. डोक्यावर पदर, पाय जमिनीला पोचत नाहीत.

"आत्या, तुम्ही इथं?"

"मंग कुठं जाऊ? त्या झाडावर बसून बसून बूड दुखलं माजं. त्यो बबन अजून बोलतोच हाय का?"

"बोलतायत."

"मुडद्याला दुसरा धंदा न्हाई. चंद्रे, मला त्यो शब्द शिकव. पायावर पाय पडला की पोरं म्हनत्यात, त्यो."

"सॉरी?"

"त्योच. मराठीत माजी जीभ उचलंना. जल्मात कुनाला म्हनले न्हाई. इंग्रजीत सोपं आसंल."

चंद्रकलाला राग येतो. जुना, चांगला मुरलेला राग. "सोपा नाही तो. आपण स्वस्त करून ठेवलाय. धक्का लागला, सॉरी. माणूस गेला, सॉरी. मी शाळेतली जाडी डिक्शनरी उघडून बघितलीय. हजार वर्षांमागं इंग्रज 'सारिग' म्हणायचे. 'सार' म्हणजे दुखणं, जखम. ज्याला दुखतंय तो सारिग. त्याचंच पुढं सॉरी झालं. ज्याला काही दुखत नाही, त्यानं तो तोंडात घेऊ नये."

फळा काळा आहे, मग धुरकट, मग ती चुलीमागची भिंत आहे. चंद्रकला नवी नवरी आहे. हाताला भाकरीचं पीठ, मांडीवर डी.एड.चं पुस्तक उघडं. समोर तान्हूबाई, हातात लाल तापलेलं उलथणं. नंतर गावाला सांगितलं होतं, पोरगी वेंधळी, तव्याला हात लागला.

आज उलथणं मनगटावर येत नाही. तान्हूबाई ते राखेत खुपसतात आणि स्वतःच्या बांगड्या मागं सारतात. त्यांच्या मनगटावर तसाच डाग. लालभडक, ताजा.

"सरनावर समदं जळालं, चंद्रे. ह्येवढंच जळंना. लई ठनकतंय. आता मला म्हनता यील का?"

आजारपणात अंग पुसताना म्हातारीचा अंगठा सुनेच्या डागावर येऊन थांबायचा. तोंड मात्र मिटलेलं.

"येईल," चंद्रकला म्हणते.

"सॉरी." कढत चहा फुंकून प्यावा तसा तान्हूबाई तो शब्द जपून उच्चारतात. चुलीपुढं पिंड मांडलेले आहेत. त्यांवरचं तूप त्या बोटावर घेतात, सुनेच्या मनगटावर चोळतात. "माफ केलं म्हन, आसं न्हाई म्हनत मी."

"मी म्हणणारही नाही. ऐकलं, एवढं सांगते."

"बास की," म्हणत म्हातारी पदर झटकते आणि तो पंखासारखा फडफडतो.

"शिवला! शिवला!"

रंजना तिला गदागदा हलवतेय. काठावर सगळे उठून उभे राहिलेत. पिंड चोचीनं उकरलेला. बबनतात्या छाती काढून म्हणतायत, "बघा, मी सांगत होतो ना!"

"मनातल्या मनात म्हणालीस ना गं वहिनी?"

"मी नाही. आत्या म्हणाल्या."

रंजना हसायला जाते आणि हसू तोंडातच राहतं. चंद्रकला आपल्या मनगटाकडे बघतेय. पिंडांना तिनं आज हातही लावलेला नाही. तरी जुन्या डागावर तूप चकाकतंय आणि तुपात एक काळा तीळ रुतून बसलाय.

ती उठते, बांगड्या कोपरापर्यंत सारते आणि तुपाचा तो हात तसाच भावकीसमोर धरते.

"तात्या, निघू नका. बसा खाली. हा डाग तव्याचा नाही."