पेज प्यायलेली गाडी

आमच्या घरी गाडी आली तेव्हाच ती म्हातारी होती. सन ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नागपूरच्या एका ठेकेदाराला तिचा कंटाळा आला आणि लाखनीत धानाचा व्यापार करणाऱ्या माणसाच्या दारात गाडी शोभते, असं मला उगाचच वाटलं. हँडब्रेक नावालाच होता. त्यामुळे गाडी उभी केली की गिअरमध्ये टाकून ठेवायची, हा घरचा नियम. इंजिनाच्या पुढच्या बाजूने सतत खुळखुळ यायची, पितळी डब्यात कोणी सुपाऱ्या हलवत असल्यासारखी. चौकातल्या पानवाल्याला मान वर न करताही कळायचं की मी आलो.

त्या वर्षी दिवाळीनंतर मायच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नागपूरला ठरलं. तिचा डावा डोळा लहानपणी देवी आल्या तेव्हाच गेलेला. उरलेल्या उजव्यावर तिने सगळा संसार निभावला होता आणि आता त्याच्यावरच पडदा आला होता. म्हणजे जे काय व्हायचं ते त्या एका डोळ्याचं होणार होतं.

निघायच्या आदल्या दिवशी गाडीखाली पाण्याचं थारोळं दिसलं. मी वाकून बघत होतो, तर माय ओसरीवरून म्हणाली की नवं मडकं पाझरलं तर आपण काय करतो? त्यात पेज शिजवतो. मडकं पेज पिते अन् पक्कं होते. हिलेही पाज.

आता मी बी.कॉम. झालेला माणूस. पण आमच्या धानाच्या मुलखात तांदळाच्या पेजेवर अविश्वास दाखवायला जी हिंमत लागते, ती माझ्यात नव्हती. शिवाय ट्रकवाले रेडिएटरमध्ये हळद टाकतात, हे मी ऐकलेलं होतं. हळद चालते तर पेज का नाही? गाळलेली पातळ पेज तांब्याने ओतली. आणि खरं सांगतो, ठिबकणं थांबलं. मायने पदर सारखा केला.

नागपूरपर्यंत गाडी गुणाने गेली. माय आणि तिच्याजवळ राहायला माझी बायको, दोघींना दवाखान्यात सोडून मी एकटा परत निघालो. भंडारा मागे पडलं, वैनगंगेचा पूल ओलांडला, आणि बॉनेटमधून वाफ निघू लागली. वाफेला चुलीवरच्या भाताचा खरपूस वास होता. मागून आलेल्या ट्रकवाल्याने दोर लावून मला लाखनीपर्यंत ओढत आणलं. वाटेत ओळखीचे बरेच लोक भेटले. सगळ्यांनी हात केला.

हायवेवर कडुनिंबाखाली एका मिस्त्रीचं गॅरेज होतं. हा पूर्वी चिखल्याच्या खाणीवर मँगनीज वाहणाऱ्या खाजगी ट्रकांवर होता. माणूस बडबड्या आणि स्वतःवर फार खूश. त्याने रेडिएटरचं झाकण उघडलं, आत बोट घातलं, बोटावरचा पांढरा चिकट गोळा माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "भाऊ, हे गाडी हाय का बाळंतीण? पेज पाजून राहिले तुम्ही इले."

मी म्हटलं, मायने सांगितलं होतं. तो म्हणाला, मायले काही बोलू नका, डोक्स तुमचं होतं. मग त्याने रोग सांगितला. पाणी रेडिएटरमधून नाही, वॉटर पंपातून गळत होतं. पंपाचं बेअरिंग खलास. आणि ती खुळखुळ टायमिंग चेनची होती. चेन ढिली झाली होती, कधी दात सोडेल याचा नेम नव्हता. पंप काढायला सगळं पुढचं उघडायचंच आहे, तर चेनही आत्ताच बदला.

मी एसटीने नागपूरला गेलो. पंप आणि चेन घेतली, पिशवीत घातली आणि मायला बघायला दवाखान्यात पोचलो. डोळ्यावर पट्टी, माय पाठीवर सरळ पडलेली. डॉक्टरांनी बजावून सांगितलं की टाके ताजे आहेत, घरी नेताना हादरा बसायला नको. एसटी नको, जीप तर नकोच. मी मान हलवली. आमच्याकडे भाड्याने मिळायची ती जीपच, आणि तिच्यात माणसं पोत्यांसारखी भरत. आमच्या गाडीचं बाकी काही असो, बसायला ती झोपाळ्यासारखी मऊ होती. पण तो झोपाळा तेव्हा कडुनिंबाखाली पोट उघडून पडला होता.

मायने पिशवी चाचपली. "काय आणलं रे? जड लागते."

"गाडीचं सामान."

"पेज कामी आली का?"

बायको माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "आली. मस्त आली."

मायला परवा सकाळी सोडणार होते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने रेडिएटर उतरवला, पाइप लावून पेजेचे गोळे बाहेर काढले, जुनी चेन सोडली. मग मला बोलावून दाखवलं. वरच्या दातेरी चाकावर एक टिपका, खालच्यावर एक टिपका. दोन्ही समोरासमोर आले की मगच चेन चढवायची, नाहीतर इंजिनाचा श्वास चुकतो. त्याने टिपके जुळवले, मला सांगितलं की कायलेही हात लावू नका, आणि समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेला.

मी हात लावला नाही. पण ऊन सरकून थेट इंजिनावर आलं होतं. मला वाटलं, उघडं इंजिन तापेल. एका ट्रकच्या क्लीनरला हाक मारली आणि आम्ही दोघांनी गाडी हातभर सावलीत ढकलली. जरा जड गेली, इतकंच. गिअरमध्ये टाकून ठेवायचा घरचा नियम मला त्या क्षणी आठवला नाही. चाकं फिरली तसं गिअरमुळे आतलं खालचं दातेरी चाकही फिरलं आणि त्यावरचा टिपका सरकला.

मिस्त्री चिखल्याचा एक किस्सा सांगतच परत आला. एकदा जुळवलं म्हणजे जुळवलं, असा त्याचा स्वभाव. न बघता चेन चढवली, पंप बसवला, सगळं बंद केलं. संध्याकाळी स्टार्टर मारला तर गाडीने असा बार उडवला की कडुनिंबावरचे सगळे कावळे उडाले.

मिस्त्री खाली उतरला आणि माझ्यापुढे येऊन उभा राहिला. मग त्याने विचारलं, "हात लावला का?"

"हात नाही लावला. जरासा धक्का दिला. सावलीत."

पुढे तो जे बोलला ते हिंदीत होतं आणि घरात सांगण्यासारखं नव्हतं. शेवटी मात्र म्हणाला की चूक माहीही हाय, टिपके मी पाहिले नाही. पण आता अंधार पडून राहिला, सकाळीच उघडू.

त्या रात्री मला डोळ्यापुढे एकच दिसत होतं. हादरणारी जीप, आणि तिच्यात डोळा सांभाळत बसलेली माय.

उजाडायच्या आत मी गॅरेजवर हजर. मिस्त्रीने मला लांबच्या खाटेवर बसवलं आणि उठायचं नाही असं सांगितलं. मी शाळेतल्या पोरासारखा बसलो. त्याने सगळं पुन्हा उघडलं, टिपके जुळवले, या वेळी किस्सा न सांगता चेन चढवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. आवाज मात्र असा बारीक की मला वाटलं बंद पडली. खाली वाकून पाहिलं. जमीन कोरडी होती.

नागपूरला पोचायला दुपार झाली. मायला मागच्या सीटवर उशांच्या मध्ये बसवलं, बायको बाजूला. मी उष्णतेच्या काट्यावर नजर ठेवून असा चालवत होतो की सायकलवालेही पुढे जात होते. मौदा गेलं. काटा जागेवरच. वैनगंगेचा पूल आला तेव्हा मागून आवाज आला.

"काहून थांबलो रे आपण?"

"थांबलो नाही माय. चालून राहिलो."

"मग गाडी काहून वाजत नाही?"

मी काही सांगणार तेवढ्यात बायकोने मागून माझ्या खांद्यावर बोट टेकवलं. माय पट्टीखाली हसत होती.

"मडकंही असंच होते," ती म्हणाली. "दोन दिवस पेज प्यायलं की आवाज बदलते त्याचा."

मी आरशात पाहिलं. तिचं डोकं उशीवर अगदी स्थिर होतं, तांब्यातलं पाणी हिंदकळू नये तसं. मी म्हटलं, "हो माय, बदलला," आणि काट्यावरची नजर काढून पहिल्यांदाच रस्त्याकडे नीट पाहिलं.