कुठलं राजाराम महाराज?

कानावर खोचलेला ब्रश काढायचा, डब्यात बुडवायच्या आधी हवेतच थांबवायचा आणि समोरच्याकडे भुवया उंचावून विचारायचं, "कुठलं?"

शाहूपुरीतल्या आमच्या पेंटरांची ही सवय. गिऱ्हाईक बिचारं चांगलं नाव सांगत असे, आणि पेंटर वकिलासारखी उलटतपासणी घेत. फ्लेक्स हा शब्दही कुणी ऐकला नव्हता तेव्हाची ही गोष्ट. दुकानाची पाटी, लग्नाच्या मांडवाचा बोर्ड, शाळेतल्या तसबिरीखालची पट्टी, सगळं हातानं रंगवून घ्यावं लागे. त्यामुळे लोक पेंटरांचा हा जाच सोसत. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याच्याकडे काम चोख होतं म्हणून लोक त्याचं बोलणं ऐकून घेतात.

एकदा एक जण पिठाच्या गिरणीची पाटी रंगवायला आला. "राजाराम फ्लोअर मिल, एवढंच घाला," म्हणाला.

"कुठलं राजाराम?"

"आवं मीच की. माझंच नाव हाय."

"मग आडनाव घाला. गाव घाला. न्हायतर शंभर वर्सांनी पोरं लिवतील, राजाराम महाराज जिंजीवरनं सुटलं आणि शाहूपुरीत येऊन गिरण घातली."

गिऱ्हाईक हसलं. पेंटर हसले नाहीत. त्यांनी आडनाव आणि गाव घालूनच पाटी रंगवली. त्यांच्या न हसण्यामागचं कारण मला ठाऊक होतं, किंबहुना ते फक्त मलाच ठाऊक आहे असं मी समजत होतो.

मी इतिहासाचा मास्तर. नोकरीला लागलो तेव्हा मिसरूड नीट फुटलेलं नव्हतं. नवा मास्तर म्हणजे शाळेचा फुकटचा कारकून. संमेलनाच्या निमंत्रणापासून फळ्यावरच्या सुविचारापर्यंत जे काही लिहायचं असेल ते हेडमास्तर माझ्यापुढे टाकत. मी पुस्तकातून चार ओळी उतरवून देई आणि विसरून जाई. त्याच वर्षी हेडमास्तरांनी शाळेच्या व्हरांड्यात छत्रपतींच्या तसबिरी लावल्या. प्रत्येकीखाली काळ्या पत्र्याची पट्टी, तिच्यावर पिवळ्या अक्षरांत नाव आणि तीन-चार ओळींची माहिती. पट्ट्या अर्थात पेंटरांच्या. अक्षर असं की चालता माणूस थबकावा. आसपासच्या शाळांचे हेडमास्तर येऊन बघून गेले आणि म्हणाले, आम्हालाही असल्याच पट्ट्या करून द्या. बघता बघता त्याच पट्ट्या कोल्हापुरापासून इचलकरंजीपर्यंत तीसेक शाळांत जाऊन बसल्या.

तीन-चार वर्षांनी मी सहामाहीचे पेपर तपासायला बसलो. राजाराम महाराजांवर टीप लिहा, असा प्रश्न होता. पहिल्या पोरानं लिहिलं होतं: 'राजाराम महाराजांनी जिंजीचा किल्ला लढवला. नंतर ते बोटीने विलायतेला गेले व परत येताना इटलीत फ्लॉरेन्स येथे वारले.' मी पोट धरून हसलो. दुसऱ्या पोरानंही तेच लिहिलं होतं. तिसऱ्यानंही. दहाव्या पेपरापर्यंत माझं हसू पार मावळलं होतं. सगळ्या वर्गाला एकाच वेळी भूतबाधा होत नसते. मी उठून व्हरांड्यात गेलो आणि ज्या पट्टीखालून रोज चार वेळा जात होतो ती पहिल्यांदा वाचली. पोरांनी शब्द न शब्द तिथलाच उचलला होता.

ज्यांचा इतिहासाशी फारसा संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. जिंजी लढवणारे राजाराम महाराज हे शिवछत्रपतींचे पुत्र. फ्लॉरेन्सला वारले ते राजाराम महाराज कोल्हापूरच्याच गादीवरचे, पण दीड-पावणेदोनशे वर्षांनंतरचे, ऐन विशीतले. पट्टीवर दोघांचा एक माणूस झाला होता आणि तो दोनशे वर्षं जगला होता.

मी तडक पेंटरांच्या दुकानात गेलो. पेपरांचा गठ्ठा त्यांच्या पुढ्यात आपटला. दुकानात तीन-चार माणसं होती, ती ऐकत आहेत याची मला लाज वाटायला हवी होती, उलट चेव चढला. "पेंटर, अक्षर सुंदर काढता, पण डोकं वापरता की नाही? एक माणूस दोनशे वर्षं जगतो का? पोरांचं वाटोळं केलंत तुम्ही." असं आणि असंच बरंच काही. वय लहान आणि जीभ मोठी होती.

पेंटरांनी ब्रश खाली ठेवला. हात पुसून त्यांनी पेपर घेतले. पोरांची उत्तरं वाचली, त्यांच्यावर मी लाल शाईनं मारलेले शेरे वाचले. मग फळीवरून बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा काढला. लोकांनी मजकुरासाठी दिलेल्या चिठ्ठ्या ते त्यात जपून ठेवत. दोन चिठ्ठ्या त्यांनी बाहेर काढल्या आणि त्यातली एक माझ्या पेपराशेजारी धरून बराच वेळ बघत राहिले. माझ्याकडेही एकदा पाहिलं. मग चिठ्ठ्या परत डब्यात टाकल्या आणि झाकण दाबून बसवलं.

"दोन कागद आल्तं मास्तर, आन् तसबीर एकच. दोन्हीवर नाव बी एकच. मला वाटलं, एकाच मानसाचं हाय, तर जोडून टाकू. विचारायला पायजे हुतं. कुठलं म्हणून विचारायला पायजे हुतं." मग म्हणाले, "चूक माझी हाय. सगळ्या पट्ट्या बदलतो."

"सगळ्या?"

"एक बी ठेवणार न्हाय."

मी जरा नरमलो. कोल्हापूरच्या गादीवर तिसरेही एक राजाराम महाराज होऊन गेले, हे त्यांना सांगितलं. पेंटर स्टुलावर बसले. "आनि एक हाय?" म्हणाले. त्या दिवसापासून ते येईल त्या गिऱ्हाइकाला 'कुठलं?' विचारू लागले.

भावनेच्या भरात माणूस असं पुष्कळ बोलतो, आठ दिवसांनी विसरतो, असं मला वाटलं होतं. पण पेंटरांनी खरोखर नव्या पट्ट्या करायला घेतल्या. मजकूर मला तीनतीनदा विचारून घेतला. आधी सगळ्या पट्ट्या एकदमच रंगवून ठेवल्या. एवढी घाई का, ते नंतर त्यांच्या पत्नीकडून, मालकीणबाईंकडून कळलं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेली किती टिकेल याचा भरवसा नव्हता. अक्षर दिसतंय तोवर अक्षर काढून घ्यायचं, खिळे काय, चाचपडतही मारता येतील, असा त्यांचा हिशेब होता.

मग दर सोमवारी दुकान बंद. सायकलच्या दांड्याला गोणपाटाची पिशवी, तीत पट्ट्या, हातोडी, पक्कड. जवळच्या शाळा सायकलनं, लांबच्या एसटीनं. सगळीकडे स्वागत व्हायचं असं समजू नका. लोकांना चूक दुरुस्त करून घेण्याचाही कंटाळा असतो.

इचलकरंजीच्या एका शाळेत मी रजा काढून त्यांच्याबरोबर गेलो होतो. तिथले हेडमास्तर काही केल्या ऐकेनात.

"राहू दे की पावणं. चांगली पट्टी हाय. आनि ते कोण वाचतंय?"

"पोरं वाचत्यात," पेंटर म्हणाले.

"तसबिरीचं अनावरण सायबांच्या हस्ते झालंय. तिला हात लावायचा म्हंजे वर विचारायला लागंल."

"विचारा. मी बसतो."

आणि खरंच व्हरांड्याच्या पायरीवर बसले. मधली सुट्टी झाली, पोरं त्यांच्याभोवतीनं धावून गेली, पुन्हा वर्ग भरले. मी दोनदा म्हणालो, पेंटर, चला, पुढच्या सोमवारी येऊ. ते नुसती मान हलवत. दोन्ही बाजूंच्या यंत्रमागांचा खडखडाट दिवसभर चालू होता आणि हे त्या आवाजात मांडी घालून ढिम्म बसले होते. शाळा सुटल्यावर हेडमास्तर बाहेर आले, त्यांच्याकडे पाहिलं, आत गेले आणि स्वतः स्टूल घेऊन आले. पेंटर वर चढले तेव्हा स्टूल त्यांनीच धरलं होतं.

असं दोन-अडीच वर्षं चाललं. नजर कमी होत गेली तसा पेंटरांचा हट्ट वाढत गेला. सायकल सुटली, मग एसटीचे बोर्ड दिसेनात. तेव्हा स्टँडवर कुणालाही हात धरून विचारत, "पावणं, ही गाडी कुठली?" शेवटी एकच शाळा राहिली, कबनूरची. तिथं नवी इमारत बांधायचं चाललं होतं आणि तसबिरी कुठल्याशा खोलीत बांधून ठेवल्या होत्या. पेंटर दोनदा जाऊन आले. इमारत झाली की या, असं दोन्ही वेळा सांगितलं गेलं. इमारत पुरी व्हायच्या आधीच पेंटर अंथरुणाला खिळले. मी भेटायला गेलो की आधी तेच विचारत, "मास्तर, कबनूरचं छत पडलं का?" छत पडलं म्हणजे स्लॅब ओतून झाला, कोसळला नव्हे. त्यांच्या तोंडून ते ऐकून पहिल्या वेळी मी दचकलो होतो.

ते गेल्यावर पंधरा दिवसांनी मालकीणबाईंनी मला बोलावून घेतलं. गोणपाटाची पिशवी पुढे ठेवली. आत शेवटची पट्टी होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. "त्येंचा जीव हितंच अडकल्याला," म्हणाल्या. मग फळीवरचा बिस्किटाचा डबाही दिला. "ह्यो बी न्ह्या. कागद हाईत, मला काय वाचाय येत न्हाय. तुमच्या कामाचं असतील."

घरी येऊन मी डबा उघडला. त्या दोन चिठ्ठ्या सगळ्यात वर होत्या, एकाच टाचणीत. जिंजीची चिठ्ठी आमच्या जुन्या, कधीच निवृत्त झालेल्या इतिहासाच्या मास्तरांची होती. दुसरी, फ्लॉरेन्सची, माझ्या हातची होती. माझंच अक्षर, घाईत खरडलेलं, वर नुसतंच 'राजाराम महाराज'. कुठले, ते लिहिण्याचे कष्ट मी घेतले नव्हते. हेडमास्तरांनी जुन्या मास्तरांप्रमाणे माझ्याकडेही माहिती मागितली, मी चार ओळी उतरवल्या, शिपायाच्या हातात दिल्या आणि विसरून गेलो.

त्या दिवशी दुकानात त्यांनी माझ्या लाल शाईच्या शेऱ्यांशेजारी ही चिठ्ठी धरली होती. आयुष्यभर अक्षरांत वावरलेला माणूस. त्यांनी ओळखलं होतं. चार माणसांसमोर मी त्यांना नाही नाही ते बोलत होतो आणि चिठ्ठी माझ्या तोंडावर फेकायची सोडून त्यांनी डब्याचं झाकण लावलं होतं. पुढे अडीच वर्षं माझ्याशी रोज बोलले, माझ्याकडून मजकूर तपासून घेतला, पण अवाक्षर काढलं नाही. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

पुढच्या सोमवारी रजा टाकून मी कबनूरला गेलो. नव्या इमारतीत तसबिरी लागल्या होत्या आणि जुनी पट्टी तशीच होती. हेडमास्तर तरुण होते, नवे आलेले. मी पिशवीतून पट्टी आणि हातोडी काढली तसे ते चक्रावले.

"कुणी पाठवलंय तुम्हांला?"

"पेंटरांनी."

"कुठले पेंटर?"

मी हातातली हातोडी खाली ठेवली. त्यांना गाव सांगितलं, पेठ सांगितली, पूर्ण नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. आणि मग म्हणालो, "ही पट्टी त्यांनी लिहिली. पण तिच्यातली चूक माझी आहे."

हेडमास्तरांनी स्टूल आणलं. मी वर चढलो.