आईचा गॅस आईच बंद करते

एमआरआय बघून डॉक्टर माझ्याशी बोलले, आईशी नाही. "डिमेन्शिया आहे. यांना स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका."

डिमेन्शिया म्हणजे आठवण तर जातेच, शिवाय रोजच्या कामाचा क्रमही मेंदूतून सुटत जातो. गॅस पेटवला हे लक्षात राहतं, बंद करायचं राहत नाही.

आई तिथेच म्हणाली, "मग पोरींना जेवू कोण घालणार, तुम्ही?" लातूरला आमच्या वरच्या खोल्यांत क्लासच्या मुली राहतात. त्यांचं जेवण आईकडे.

मी रिपोर्टचे कागद गोळा केले. कोणाला उलट प्रश्न विचारणं मला जमत नाही.

नांदेडहून दादा आला. "एकदा जरी गडबड झाली ना, आईला घेऊन जाईन," म्हणाला. त्याच्या घरी स्वयंपाकाला बाई आहे. आईला नुसतं बसावं लागलं असतं.

मी गॅसला यंत्र बसवलं. शेगडी फार वेळ चालू राहिली की ते वाजतं, तरी कोणी उठलं नाही तर गॅसचा पुरवठा तोडतं.

पहिल्यांदा वाजलं तेव्हा आई जिन्यात ओरडली, "पोरींनो, बाहेर पळा!" एकेका मुलीला पुढे घालून तिने सगळ्यांना थेट रस्त्यावर काढलं. भूकंपानंतर कित्येक वर्षं आमच्याकडे झोपताना पेल्यावर पेला रचून ठेवायचे. हादरा बसला की खणखणाट व्हावा म्हणून. आईच्या लेखी घरात एकदम काही वाजलं, तर बाहेर पळायचं.

दादा म्हणाला, "बघ! उद्या गाडीखाली आली म्हणजे?"

मला मात्र दिसलं की ती सगळ्यांत शेवटी बाहेर आली होती.

त्या यंत्रात आवाज भरता येतो. मी माझा भरला, "आई, कृपया गॅस बंद कर." आई म्हणाली, "कोण बाई आलीय? पाणी दे तिला."

मग शेजारच्या शबाना खालांना गाठलं. त्या भिंतीपलीकडून आयुष्यभर आईवर ओरडत आल्यात. त्यांनी एका दमात भरलं: "ओ भाभी! डाळ लागून राहिली की! गॅस बंद करा!"

दादासमोर ते वाजलं. आईने मागे न बघता नॉब फिरवला. "हाव, केला! लई नाक हाय तुला!"

हा आजार हटणार नाही. उद्या खालांचा आवाजही पुरणार नाही, तेव्हा दुसरं काही शोधीन. पण तुम्हालाही कोणी 'जाऊ देऊ नका' म्हणालं, तर आधी विचारा, 'जाऊ द्यायचं तर काय करावं लागेल?' पुढच्या तपासणीत डॉक्टरांना मी तेच विचारलं. त्यांनी पेन खाली ठेवून उत्तर दिलं. त्याबद्दल त्यांचे आभार.

दादा एकटाच नांदेडला परतला, आईच्या हातचा डबा घेऊन. भाजीत मीठ दोनदा पडलं होतं. मी सांगितलं नाही.