दाव्याची गाठ

शिडांच्या त्या जहाजावर जिल्ह्यातून एकच मुलगी जाणार होती, आणि ती मीच, याबद्दल मला तरी शंका नव्हती. गोंदियाच्या कॉलेजातल्या सूचनेत लिहिलं होतं की जुन्या पद्धतीच्या या जहाजावर तीन आठवडे राहून तरुणांना शिस्त, धाडस आणि नेतृत्व शिकता येईल. नेतृत्वाची आपल्याकडे तेव्हाही टंचाई नव्हती. मला शिडं हवी होती. समुद्र मी पाहिला नव्हता, पण लायब्ररीतलं जहाजांवरचं एकुलतं एक पुस्तक माझ्याच नावावर असायचं आणि डोलकाठ्यांची नावं मला पाठ होती.

माझी मावसबहीण बोदलकसा गावची, माझ्याहून वर्षाने लहान. ती माझ्या सोबतीला आली होती. पर्समध्ये दोन पासपोर्ट फोटो उरले होते, म्हणून तिनेही अर्ज भरला.

निवडीच्या दिवशी आधी स्वागतगीत, मग पुष्पगुच्छ, मग दीपप्रज्वलन. पंख्याने दिवा तीनदा विझला, तरी पंखा बंद करायचं कोणाला सुचलं नाही. शेवटी नौदलातून आलेल्या पाहुण्या साहेबांनी एक दोरी टेबलावर टाकली. ती खुर्चीला अशी बांधायची की कितीही ओढली तरी निघू नये, पण एका हाताने झटकन सोडता यावी.

ही गाठ मी रोज संध्याकाळी गोठ्यात मारत होते. बैलाचं दावं आमच्याकडे तसंच बांधतात. पण समोर पांढराशुभ्र गणवेश, मागे पुष्पगुच्छ. तिथे शेणाच्या वासाची गाठ मारायची मला लाज वाटली. मी पुस्तकातल्या चित्रातली मारली. साहेबांनी ओढली, सुटली.

“इसका नाम क्या है?”

मी नाव सांगितलं. आणखी दोन गाठींचीही सांगितली.

“नाम तो अच्छा है, बेटा.”

मग बहीण उठली. तिला दोन सेकंद लागले. साहेबांनी ओढलं तर खुर्ची सरकत आली. तिने मोकळं टोक खेचलं, दोरी हातात.

“कहाँ सीखी?”

“म्हशीपाशी, सर.”

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. तिथेच मला कळलं.

बसमध्ये ती म्हणाली, “ताई, तू काऊन नाही बांधली तशी? तुले तं माझ्यापेक्षा चांगली येते.”

“सुचलं नाही,” मी म्हणाले. खोटं होतं.

निवड तिचीच झाली. ती जहाजावर गेल्यावर मी पेपरातलं हवामान रोज वाचायचे. तिला काही होऊ नये असंच वाटायचं. फक्त वादळ थोडं यावं, आणि तिने सामान गुंडाळून परत यावं.

ती परत आली ती पूर्ण तीन आठवड्यांनी, उन्हाने रापून. तिच्या गावाने सत्कार ठेवला. बॅनरवर धूर सोडणारी आगबोट छापली होती. वक्त्यांनी तिला जिल्ह्याची पहिली कप्तान करून टाकलं. तिचं भाषण मात्र मावशीने माझ्याकडून लिहून घेतलं होतं. मी अथांग सागरापासून सुरुवात केली होती.

तिने पहिली ओळ वाचली आणि कागदाची घडी घातली.

“हे ताईनं लिहून देलं, चांगलं आहे. पण मी पहिले चार दिवस उलट्याच करून राहिली होती. पाचव्या दिवशी काठीवर चढली, न् खाली पाहिलं तं येवढं मोठं जहाज आपल्या आंगणायवढं!”

मांडव टाळ्यांनी दणाणला. मीही वाजवल्या. त्या आंगणाच्या तोडीचं वाक्य मला अजून जमलेलं नाही.

माझ्यासाठी तिने जहाजावरचा हातभर दोरीचा तुकडा आणला होता. मी तो पेटीत खाली टाकला. काही महिन्यांनी तो बाबांच्या हाती लागला.

“इतकी मजबूत दोरी पेटीत कायले ठेवली व?”

त्यांनी ती वासराच्या दाव्याला जोडली. सकाळी वासरू सोडायचं काम माझं. एका हातात दुधाची चरवी असायची, दुसऱ्या हाताने मी टोक खेचायचे. गाठ दरवेळी झटकन सुटायची.