ढकलून बघणारे सर

आमच्या विज्ञानाच्या सरांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू होत्या : ढकलून झालेल्या आणि ढकलायच्या राहिलेल्या. वर्गात आले की आधी दार, मग टेबल, मग पहिल्या बाकावरचा एखादा बेसावध पोरगा, असं सगळं ते एकदा ढकलून बघत आणि मगच हजेरी घेत. "बल डोळ्यांना दिसत नाही," ते म्हणत, "अंगाला कळतं. अजून कुणाला कळायचं राहिलंय?" सगळा वर्ग हात वर करी. आता उंब्रजजवळच्या एका शाळेत मी स्वतः सातवी-आठवीला विज्ञान शिकवते, आणि सरांना एकदा तरी माझ्या वर्गावर आणायचं, हे नोकरी लागल्यापासून मनात धरून आहे.

सर मूळचे सांगलीचे, हळदीच्या पेठेतल्या एका जैन व्यापाऱ्याचे धाकटे चिरंजीव. वखार थोरल्या भावावर सोपवून ते आमच्या पूर्वेकडच्या कोरड्या गावात मास्तरकी करायला का आले, हे गावात कुणालाच उमगलं नव्हतं. माझे वडील मेंढरं राखायचे. ते म्हणत, "सावलीतली गादी सोडून ह्यो माणूस हितं उन्हात कशाला आलाय? कायतरी गडबड हाय." गडबड एवढीच होती, की वखारीत पोती ढकलायला हमाल होते आणि सरांना ती स्वतः ढकलायची असत.

एसटीत ते कधी दांडी धरत नसत. एकदा सोमवारी सांगलीहून येताना आडवी म्हैस आली, ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला आणि सर थेट एका म्हातारीच्या कोथिंबिरीच्या पाटीत जाऊन पडले. कंडक्टर ओरडला, "आवं सर, दांडी धरा की!"

"धरली तर कळणार कसं?" पाटीतूनच सर म्हणाले.

"तुमाला कळलं," म्हातारी म्हणाली, "पर माज्या कोथमिरीनं काय केल्तं?"

सरांनी सगळी पाटी विकत घेतली, वर्गात प्रत्येकाला एकेक जुडी दिली आणि विचारलं, "गाडी थांबली, मग मी का थांबलो नाही?" त्या दिवशी गावात घरोघरी कोथिंबिरीच्या वड्या झाल्या, आणि वड्या खाता खाता आम्ही आईबापांना जडत्व समजावून सांगितलं.

पण सरांची खरी कसोटी लागली ती रस्सीखेचीच्या वेळी. शेजारच्या गावातल्या शाळेशी मुलींचा सामना ठरला. त्यांच्या मुली चांगल्या दणकट. आम्ही सगळ्या काटक्या. सर म्हणाले, "दोर हातानं ओढायचा नसतो, पायानं ओढायचा असतो. जमीन पायाला धरून ठेवते म्हणून माणूस ओढू शकतो." मग रोज शाळा सुटल्यावर अनवाणी पाय रोवून, मागं रेलून सराव. दोराच्या दुसऱ्या टोकाला एकटे सर. ते मैदानभर फरफटत यायचे आणि फरफटता फरफटता "शाबास! घर्षण!" म्हणून ओरडायचे.

सामन्याच्या दिवशी सगळा गाव लोटला. आमच्याकडे कुठलंही चांगलं काम भंडारा उधळल्याशिवाय सुरू होत नाही. आम्ही दोर उचलला मात्र, वडीलधाऱ्यांनी मुठी भरभरून हळद आमच्यावर उधळायला सुरुवात केली. सर धावत आले. "आवरा! भंडारा नंतर! आधी नको!" गलक्यात कुणाला काय ऐकू जाणार? आपल्यावर भंडारा टाकायचा राहिला म्हणून सर ओरडताहेत, असं वाटून लोकांनी दोन मुठी त्यांच्या डोक्यावर टाकल्या. शिट्टी वाजली. चोपून टणक केलेली जमीन, तिच्यावर हळदीचा थर, आणि त्यावर आमचे पाय. आम्ही सगळ्या पिवळ्याधमक होऊन, एका ओळीत, अगदी शिस्तीत घसरत गेलो.

सर तिथंच मांडी घालून बसले. "सगळं लहानपण हळदीच्या वखारीत गेलं माझं, आणि मला हे सुचू नये!"

वडिलांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या सर. द्येवाच्या मनात न्हवतं."

"देव कशाला हो, घर्षण नव्हतं, घर्षण!"

दुसऱ्या दिवशी त्याच जागी त्यांनी आम्हाला एकदा झाडलेल्या जमिनीवर आणि एकदा हळदीवर दोर ओढायला लावला. घर्षण हा धडा मला पुन्हा कधी पाठ करावा लागला नाही. आमच्या घरात पदवीपर्यंत गेलेली मी पहिली. त्याचं श्रेय कुणाकुणाला द्यायचं ते मला ठाऊक आहे.

माझ्या वर्गात आता भिंतीवर मोठा पडदा आहे. त्यावर चित्रातली गाडी चित्रातल्या उतारावरून घरंगळते. पोरं बघतात, उत्तर बरोबर लिहितात. कुणी पडत नाही. मग मी पडदा बंद करते, पोरांना व्हरांड्यात नेते, पोत्यावर बसवून एकमेकांना ओढायला लावते. आणि त्या गोंधळात दर वेळी वाटतं, सर आत्ता इथं हवे होते. फोनवर ते "येतो की, येतो की" म्हणायचे. शेवटी गेल्या महिन्यात मीच त्यांना आणायला सांगलीला गेले.

सर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. आजारपणात डावी बाजू गेल्याचं मला कुणी कळवलं नव्हतं. बोलणं सावकाश झालं होतं, पण शब्द स्पष्ट होते.

"सर, एकदा माझ्या वर्गावर चला. मी नीट शिकवते का ते बघा."

"पोरं प्रश्न विचारतात?"

"विचारतात."

"तुला उत्तर येत नाही, असे?"

"पुष्कळदा."

ते हसले. "मग नीट चाललंय की. मला कशाला नेतेस?"

मला त्यांच्याकडून शाबासकी नको होती, हे मला तेव्हा कळलं. मला मागच्या बाकावर बसायचं होतं, आणि सरांना आत येताना बघायचं होतं. त्यांच्या मांडीवरून सरकलेली शाल मी नीट केली आणि म्हणाले, "असंच, सर."