चौकातला फोटो
लंडनमधल्या क्रॉयडनला ट्रामच्या रुळांपाशी सिग्नलमधला लाल माणूस दिसला की रस्ता रिकामा असला तरी माझे पाय जागच्या जागी थांबतात. ही सवय मला चीनमध्ये लागली. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तिथल्या एका अवाढव्य शहरात राहत होतो आणि पुण्याहून आई आली होती. आठ पदरी रस्ता, आवाज न करता अंगावर येणाऱ्या इलेक्ट्रिक स्कूटर, कोपऱ्यावर भाजलेल्या रताळ्यांचा वास. सिग्नल लाल असताना आई गाड्यांना हात दाखवत सरळ निघाली. "अगं आई, थांब!" मी ओरडले. "थांबतात गं ते, चल तू," म्हणत ती पलीकडे पोचलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी आईबरोबर त्याच चौकात आले आणि माझ्या हातातली भाजीची पिशवी गळून पडली. समोरच्या भल्यामोठ्या स्क्रीनवर आई होती, टिकलीसकट, हात वर केलेली, आणि खाली लाल चिनी अक्षरं. सिग्नल तोडणाऱ्यांचे चेहरे तिथे असे झळकवतात, हे मला ठाऊकच नव्हतं. व्हिसा, नवऱ्याची नोकरी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. आई चष्मा वर सरकवून म्हणाली, "बरा आलाय की फोटो!" मी तिला ओढतच घरी नेलं. पुढे काहीच झालं नाही. आता आई नाही. त्या शहरात तिचा तेवढा एकच फोटो निघाला, आणि तो माझ्याकडे नाही.